अब्बा दौऱ्यावर आले तो हिवाळा

परवा दुपारी तालीम चालू असताना आमच्यातला एक नट गावाहून थेट हॉलवर आला. रेवदंड्याजवळचं त्याचं गाव. खांद्यावर कपड्यांची बॅग आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मोठं पुडकं. पुडकं सोडलं मात्र, तालीम तिथंच थांबली. वालाच्या शेंगा, त्यांत अर्धे फुटलेले बटाटे, चारदोन अंडी आणि सगळ्यांना चिकटलेला भांबुर्ड्याचा काळपट पाला. आदल्या दिवशी शेतात मडकं उपडं घालून लावलेली पोपटी. गार झाली होती, तरी वास गेला नव्हता. भाजलेल्या मडक्याचा, ओल्या पाल्याचा, धुराचा. शहरातली मुलं 'हे सालासकट खायचं का?' विचारत होती. मी मूठभर शेंगा घेतल्या आणि बाहेरच्या जिन्यात जाऊन बसले.

अब्बांना फोन लावला.

"काय करताय?"

"बसलोय. तू जेवलीस?"

"शेंगा खातेय. पोपटीच्या."

पलीकडून मग हसू. "मीठ जाडं घातलंय की बारीक?" त्यांनी विचारलं, आणि मग मीही हसले. त्या प्रश्नावर आम्ही दोघं का हसतो ते अम्मीलाही पुरतं ठाऊक नाही. तळा गावच्या शाळेचं मैदान त्यासाठी बघायला हवं होतं.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते आणि रंगमंच सांभाळते. दिवे कुठे टांगायचे, कधी लावायचे, कधी विझवायचे हे ठरवायचं. खुर्ची जागेवर आहे का, नट विंगेत येऊन उभा आहे का, घंटा कधी द्यायची, तेही बघायचं. मोठ्या नाटकांत ही दोन माणसांची कामं असतात. मी सुरुवात केली ती छोट्या नाटकांतून, तिथे एकाच माणसाला दोन्ही करावी लागत, आणि ती सवय पुढे सुटलीच नाही. आमचं गाव म्हसळ्याकडे, खाडीच्या काठी. तिथे अजून कुणाला हे काम नीट कळलेलं नाही. "नजमा लायटीचं काम करते," असं अम्मीने आळीभर सांगून ठेवलंय. त्यामुळे मी घरी गेले की कुणी ना कुणी विजेचं बिल घेऊन येतं. एवढं कसं आलं, बघ जरा. मीही आता निमूटपणे बिल वाचून देते.

अब्बाही लायटीचंच काम करायचे. आखातात इलेक्ट्रिशियन होते, तीस वर्षं. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी. आमच्या आळीतले निम्मे बाप असेच होते, म्हणून त्यात काही वेगळं आहे असं लहानपणी वाटलं नाही. अब्बा सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस घरातले सगळे स्विच दाबून बघत. माझ्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे आणि मला त्यांच्याशी. "अभ्यास कसा हाय?" "बरा आहे." एवढ्यावर आमचं भागे. अलिबागच्या कॉलेजात मी एकांकिकांचे दिवे करायला लागले आणि पदवीनंतर तेच करणार म्हणून मुंबईला गेले, तेव्हा घरात मोठं वादळ झालं. मामू आठ दिवस बोलत नव्हते. अब्बांना फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता 'परत ये' म्हणतील. ते म्हणाले, "तिकडं वायरिंग नीट असतं काय?"

मला राग आला होता. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आणि ह्यांना वायरिंग सुचतंय. त्यांच्याकडे काळजी करायला तेवढा एकच शब्द होता, हे समजायला मला पुढची काही वर्षं लागली.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगतेय, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात अब्बा कायमचे घरी आले. साठी उलटली होती. सहा महिन्यांत त्यांनी घरातलं सगळं वायरिंग बदललं, मग दोन्ही चुलत्यांच्या घरचं, मग मशिदीतल्या पंख्यांचं. मग काम संपलं. "ह्यांना कुठंतरी घेऊन जा गो," अम्मी मला फोनवर कुजबुजत म्हणाली, "माझा मिक्सर तिसऱ्यांदा उघडलाय."

नेमकं त्याच आठवड्यात रूपेशचा पाय मोडला. रूपेश माझा ऑपरेटर. मी आखून दिलेले दिवे प्रयोगात तो चालवायचा. वडखळजवळ त्याची मोटारसायकल घसरली. चार दिवसांनी आमचा दौरा सुरू होत होता, रायगड जिल्ह्यात अकरा प्रयोग, बहुतेक उघड्या मैदानांवर. प्रकाश आणि रंगमंच दोन्ही माझ्या एकटीच्या नावावर असलेला तो माझा पहिला दौरा. निर्माते पोतनीस मला म्हणाले होते, "हा दौरा सुरळीत पार पाड, मग मुंबईच्या नाट्यगृहांतले प्रयोग तुझेच." भर हंगामात मोकळा ऑपरेटर सापडेना. मी सतरा फोन केले असतील. शेवटचा घरी केला.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ड्यूटी किती वाजता?"

थळला पहिला प्रयोग होता. अब्बा एसटीने आले. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा सदरा, कमरेला हत्यारांचा चामडी पट्टा, हातात डबा. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, सहा माणसांना पुरेल एवढी. आल्या आल्या त्यांनी माझ्या सगळ्या वायरी जमिनीवर पसरायला लावल्या आणि एकेक हातातून सरकवत तपासली. निम्म्यांना रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पाच वायरी बाजूला काढून म्हणाले, "ह्या फेकून दे." मी म्हटलं, अब्बा, ह्या चालतात. "चालतात म्हणजे काय? चालता चालता मरतात," ते म्हणाले. असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज त्यांनी विंगेमागे, घडी घातलेल्या काळ्या पडद्यावर पढली. नट मंडळी आपोआप पाय न वाजवता चालायला लागली.

थळच्या मैदानावरून खतांच्या कारखान्याचे दिवे दिसतात. आभाळाच्या त्या कडेला काळोख असा होतच नाही. मी नाटकात दोनदा पूर्ण अंधार योजला होता आणि दोन्ही वेळा मागच्या आभाळातून पिवळट उजेड येऊन नट जागा बदलताना सरळ दिसत होते. मी कपाळाला हात लावून बसले होते. अब्बा मात्र कारखान्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "काय मेंटेनन्स ठेवलाय बघ. एक बल्ब बंद न्हाय."

त्यांचं तसंच होतं. पोतनीसांना ते 'मुदीर' म्हणत, कारण तिकडे साहेबाला मुदीर म्हणायची सवय. नटांना 'आर्टिस्ट लोक'. कुठला दिवा कुठल्या वाक्याला किती करायचा, हे मी लिहून दिलेलं टिपण त्यांनी पाठ केलं आणि रोज प्रयोग संपल्यावर त्याखाली वेळ घालून सही करायला लागले. मी दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवसापासून मीही खाली सही करायला लागले.

उरणला आमचं भांडण झालं. नाटकाचा दुसरा अंक पहाटे सुरू होतो. एक म्हातारी काळोखात एकटीच बोलत घरात वावरते आणि तिच्या त्या लांबलचक बोलण्याबरोबर हळूहळू उजाडतं. म्हातारीचं काम मंदाताई करायच्या. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई, पण कुठे त्याचा तोरा नाही. त्या उजाडण्यासाठी मी महिनाभर झटले होते. डिमर, म्हणजे दिवा कमीजास्त करायचा खटका, मनात चाळीस आकडे मोजत वर न्यायचा. थळला अब्बांनी पंधरात नेला, म्हटलं पहिला दिवस आहे. उरणला सातात. मंदाताईंनी तोंड उघडलं आणि झालं, लख्ख दुपार.

मध्यंतर नव्हतं, त्यामुळे प्रयोग संपेपर्यंत मला दात आवळून बसावं लागलं. पडदा पडल्यावर मी म्हटलं, "अब्बा, चाळीस म्हणजे चाळीस. का ऐकत नाही तुम्ही?"

"लोकांनी तिकीट काढलंय. त्यांना बाईचं तोंड दिसाया नको?"

"नको! तेवढा वेळ नकोच दिसायला."

"हे बघ नजमा," ते म्हणाले, आणि आवाज चढलेला नव्हता, "माझ्या साऱ्या नोकरीत कोण काळोखात बसला असेल तर ती माझी चूक असायची. फोन यायचा, मी धावायचो. आता तू सांगतेस काळोख ठेव. माझा हात आपोआप वर जातो गो."

बाहेरच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक जात होते, आणि प्रत्येकाबरोबर रंगमंचाच्या फळ्या थरथरत होत्या. मी नुसती दिवे उतरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी, दुपारी, एका बंद सभागृहात आम्ही सामान उतरवलं. मी मंदाताईंना विचारलं, तो प्रवेश एकदा कराल का, फक्त माझ्या अब्बांसाठी? त्यांनी कारण विचारलं नाही. चहाचा कप बाजूला ठेवून उठल्या. अब्बांना मी मधल्या रांगेत खुर्चीवर बसवलं, दारं लावून घेतली आणि डिमर स्वतः हातात घेतला. मंदाताई काळोखात बोलायला लागल्या. मी मोजत राहिले. वीसपर्यंत नुसती हालचाल. तीसला हात. पस्तिसाच्या पुढे चेहरा.

संपल्यावर मी अब्बांजवळ गेले. ते पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून बसले होते.

"तुझी अम्मी अशीच उठत असेल न्हाय, इतकी वर्षं?" ते म्हणाले. "मी सुट्टीवर यायचो तेव्हा मला झोपू द्यायची. मी कधी बघितलंच न्हाय."

त्या संध्याकाळी त्यांनी डिमर अठ्ठाविसात नेला. "श्वय्या श्वय्या," स्वतःशीच पुटपुटत. तिकडच्या भाषेत हळूहळू. मी म्हटलं, हरकत नाही, अठ्ठावीस तर अठ्ठावीस.

आणि मग तळा.

तळ्याला गेल्यावर पहिल्यांदा थंडी भेटते. किनाऱ्यावर आम्हाला थंडी म्हणजे सकाळी जरा चादर ओढून घेण्यापुरती, इथे मात्र चार वाजल्यापासूनच डोंगराची सावली मैदानावर येऊन बसली होती. कापणी होऊन गेलेल्या शेतांत वाल हिरवागार होता. गावातल्या मंडळींनी आमच्यासाठी पोपटीचा बेत केला होता. मैदानाच्या कडेला मडकी आणून ठेवलेली, पाला रचलेला. प्रयोग साडेसहाचा. सहापासून माणसं सतरंज्या घेऊन यायला लागली, पुढे बायका, मागे बाप्ये.

मंदाताईंची एक सवय होती. प्रयोगाआधी त्या रंगमंचावरच्या प्रत्येक वस्तूला हात लावून येत. लोखंडी खाटेला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"नजमा, ही खाट चावते गं," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण दुसऱ्या हाताने मनगट चोळत होत्या.

अब्बा दिव्यांच्या मागे होते. ते कसे आले ते मला दिसलंच नाही, एवढंच आठवतं की टेस्टर खाटेला टेकलेला आणि त्यावर त्यांनी ओंजळ धरलेली. ओंजळीत लाल ठिपका. पुढच्या क्षणी त्यांनी जाऊन मेन स्विच खाली ओढला. गाणं वाजत होतं ते बंद पडलं. मैदानातून 'ओऽऽ' असा आवाज आला.

शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. एका दिव्याच्या आतली वायर सोलली होती, दिव्याचा लोखंडी स्टँड खाटेला टेकला होता. एवढंच असतं तर दिवा काढून काम भागलं असतं. पण ज्या लायनीवरून आम्हाला वीज दिली होती तिला अर्थिंगच नव्हतं. म्हणजे उद्या दुसरी वायर सोलली तर ती वीज जमिनीत जायला वाट नाही, ती माणसातूनच जाणार.

"ताई, दरवर्षी ह्याच लायनीवर आमचा ऑर्केस्ट्रा होतो," आयोजकांपैकी एक जण म्हणाले. "आजपातुर कुणाला काय झालं न्हाय."

"तो दिवा काढा आणि सुरू करा," पोतनीस म्हणाले. "मैदान भरलंय. घंटा दे, नजमा."

घंटा माझ्या हातात होती, पितळेची, शाळेची असते तशी. मी अब्बांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते भांडतील, समजावतील. ते मेनच्या पेटीशेजारी जमिनीवर बसले होते आणि त्यांचे हात कापत होते. अब्बांचे हात कापताना मी त्याआधी कधी बघितले नव्हते. शिडीवर एका पायावर उभं राहून काम करणारा माणूस तो.

"अब्बा, काय करू?"

"ह्या लायनीवर मी दिवे लावणार न्हाय," ते म्हणाले. "पण मी हेल्पर. मुदीर तू. तू म्हणशील तर उठून बाजूला होतो."

पोतनीस माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून, अगदी प्रेमाने म्हणाले, "मुंबईचे प्रयोग लक्षात आहेत ना तुझ्या?"

होते ना लक्षात. गेली कित्येक वर्षं दुसरं काय होतं लक्षात? त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला, पोतनीसांचा, रूपेशच्या मोटारसायकलचा, अब्बांचाही. तीस वर्षं आले नाहीत आणि आले ते नेमके आज. मग मंदाताईंकडे नजर गेली. त्या खाटेपासून चार हात दूर उभ्या होत्या, अजून मनगट धरून. मी घंटा खाली ठेवली.

"अर्थिंग होईपर्यंत पहिली घंटाही होणार नाही," मी म्हटलं. "किती वेळ लागेल, अब्बा?"

"दीड तास. पाइप हवा, कोळसा हवा, मीठ हवं. आणि पाणी."

हे लोकांना सांगायचं कुणी? पोतनीस निघून बसजवळ गेले होते. माईक बंद. मी पडद्याबाहेर आले. माझं सगळं काम पडद्याच्या आतलं, लोकांसमोर उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. संधिप्रकाशात समोर नुसती डोकी दिसत होती. मी ओरडून सांगितलं, मी नजमा, इथले दिवे बघते, विजेत दोष आहे, असा प्रयोग केला तर आमच्या माणसांच्या जिवाला धोका आहे, दीड तास लागेल, ज्यांना घरी जायचं त्यांनी जा. आणि ज्यांच्या घरी लोखंडी पाइप, कोळसा आणि मीठ असेल त्यांनी कृपा करून आणून द्या.

मग पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "मीठ जाडं की बारीक?"

मला कुठे माहीत? मी मागे बघितलं. पडद्याच्या आतून अब्बांचा आवाज आला, "जाडं! जाडं आना!"

सगळं मैदान हसलं. त्या हसण्याने काय झालं कोण जाणे, माणसं उठली ती घरी जायला नाही. कुणी कुदळ आणली, कुणी पहार. एकाने जुन्या बोअरिंगचा पाइप खांद्यावर घालून आणला. बायका पदराआडून मिठाच्या पुड्या काढून देत होत्या, एका घरातून लोहाराकडचा कोळसा घमेल्यातून आला. रंगमंचामागे, मोटारसायकलींच्या उजेडात, बाप्ये खड्डा खणत होते आणि माझे अब्बा काठावर उभे राहून हुकूम देत होते. अजून खोल. अजून. आता कोळसा. आता मीठ. थर द्या, एकदम ओतू नका. ज्यांनी 'काय झालं न्हाय' म्हटलं होतं तेच गृहस्थ पँट दुमडून खड्ड्यात उतरले होते. पलीकडे कुणीतरी म्हणालं, आता बसलोच आहोत तर पोपटी लावून टाका. जाळ पेटला, भांबुर्ड्याचा वास थंडीत सगळीकडे पसरला आणि त्या रात्री तळ्याच्या लोकांनी आधी आमच्यासाठीच्या शेंगा खाल्ल्या, मग आमचं नाटक बघितलं.

सव्वाआठला अब्बांनी मेन चालू करून टेस्टर खाटेला लावला. मग मंदाताईंसमोर स्वतःचा पंजा खाटेवर ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले. मी तीन घंटा दिल्या.

दुसऱ्या अंकात मी विंगेतून त्यांच्याकडे बघत होते. ओठ हलत होते. मीही मोजत होते. चाळिसाला मंदाताईंचा चेहरा दिसला. मैदानात कुणाचं मूलसुद्धा रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अब्बा सामानाच्या टेम्पोत मागे, दिव्यांच्या पेट्यांवर बसून निघालो. वाटेत मग मी विचारलं, "काल तुमचे हात का कापत होते?"

"तिकडं एक केरळचा होता," अब्बा म्हणाले. "माझ्या वयाचा. खोलीत शेजारच्या खाटेवर झोपायचा. एका पॅनेलला करंट येत होता, आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी फोरमनला सांगितलं. तो बोलला, शिफ्ट संपवा, उद्या बघू. मी गप बसलो. त्या दिवशी त्या पॅनेलवर त्याची पाळी होती." ते रस्त्याकडे बघत होते. "त्याची बॅग मी भरली. मुलींसाठी घेतलेल्या दोन बाहुल्या होत्या. एकसारख्या."

"अम्मीला माहिती आहे?"

"न्हाय. फोनवर काय सांगणार? आणि घरी आलो की दोन महिन्यांत ते कशाला सांगायचं."

"पण तुम्ही सांगितलं होतं ना फोरमनला."

"सांगितलं होतं. सांगणारा असून भागत न्हाय गो. थांबवणारा लागतो." मग माझ्या गुडघ्यावर थापटून म्हणाले, "काल तू होतीस."

माझे अब्बा कोण आहेत हे मला त्या टेम्पोत पहिल्यांदा थोडंसं कळलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते.

मुंबईचे प्रयोग मला मिळाले नाहीत. पोतनीसांनी दौरा संपेपर्यंत काही म्हटलं नाही, मग एका ओळीचा निरोप पाठवला की दुसरी व्यवस्था केली आहे. ते वाईट माणूस नव्हते. उशिरामुळे त्यांचा पुढचा मुक्काम बिघडला होता, लोकांची बोलणी त्यांनाच खावी लागली होती. तरी तो निरोप वाचला तेव्हा मी रोह्याच्या स्टँडवर भर दुपारी तोंडावर ओढणी घेऊन रडले. अब्बा शेजारी बसून होते. त्यांनी समजूत घातली नाही. उठून दोन उसाचे रस घेऊन आले आणि माझा संपेपर्यंत आपला हातात धरून बसले.

मला वाटलं, आपलं संपलं. संपलं नव्हतं. महिन्याभराने मंदाताईंचा फोन आला. त्या नवीन नाटक करत होत्या आणि त्यांनी तिथल्या निर्मात्याला एकच अट घातली होती. "मी त्यांना म्हटलं," त्या म्हणाल्या, "माझ्या वयाच्या बाईला काळोखात उभं करायचं असेल तर दिव्यांशी ती तळ्याची मुलगी हवी." मी तळ्याची नाही, पण मी दुरुस्ती केली नाही. आज जे काही काम माझ्याकडे आहे, त्याची सुरुवात त्या फोनपासून झाली.

तोपर्यंत दौरा संपवून मी आणि अब्बा घरी आलो होतो. फोनच्या दुसऱ्याच दिवशी मला मुंबईला निघायचं होतं, सकाळी सातच्या एसटीने. अब्बा बॅग घेऊन स्टॉपपर्यंत आले.

आमच्या घरातून निघायचे ते नेहमी अब्बा. दारात टॅक्सी यायची, दोरीने बांधलेल्या बॅगा, आळीतली सगळी माणसं. मी आधी अम्मीच्या कडेवर, मग तिचं बोट धरून, मग फाटकाला टेकून एकटी. दर वेळी मी विचारायची, "अब्बा, परत कधी?" आणि दर वेळी ते म्हणायचे, "लवकर." मी शिकायला गेले, कामाला गेले, ती सगळी जाणी त्यांच्या माघारी झाली. मला निघताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

खाडीच्या बाजूने गाडी येताना दिसली तसा त्यांनी बॅगेचा पट्टा माझ्या खांद्यावर नीट केला.

"परत कधी?" त्यांनी विचारलं.

"लवकर," मी म्हटलं.

गाडी थांबली. दार उघडलं. अब्बांनी बॅग सोडली नाही.

"लवकर नको सांगू," ते म्हणाले. "मी लई वर्षं सांगितलंय ते. मला ठाऊक हाय त्याचा काय अर्थ असतो. तारीख सांग."

कंडक्टर 'चला, चला' करत होता. मी पायरीवर उभी राहून पर्समधून डायरी काढली, तालमींची आणि प्रयोगांची पानं उलटत गेले आणि एक रिकामा रविवार शोधून त्यांना सांगितला. तेव्हा त्यांनी पट्टा सोडला.

गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. अब्बा स्टॉपवरच उभे होते, मान खाली घालून, डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत दिवस मोजत.